रहमतबीचं दार

लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात मुत्तुकोया गेली अकरा वर्षं प्रवाळांतले खेकडे मोजत होता. मुगाच्या दाण्याएवढे खेकडे. मादी लहान असतानाच प्रवाळावर बसते, प्रवाळ तिच्याभोवती वाढत जातो आणि ती जन्मभर आतच राहते. पाणी येण्यापुरतं भोक उरतं. नर बाहेरून येऊन-जाऊन.

"मग काय वाईट आहे? आयतं मिळतंय की तिला," त्याची बायको रहमतबी म्हणाली होती.

तिला सातवा महिना होता. बेटाच्या रीतीप्रमाणे ती आईच्याच घरी राहायची, मुत्तुकोया तिथं यायचा. घर जुनं, प्रवाळाच्या दगडांचं.

एका दुपारी तिच्या खोलीत शिरताना त्याचा खांदा घासला. त्यानं टेप लावला. एकतीस इंच. चार दिवसांनी पुन्हा लावला. बावीस.

"दार आवळत चाललंय," तो म्हणाला.

"अहो, पोट माझं वाढतंय आणि दार तुम्हाला अरुंद होतंय!" ती खळखळून हसली.

त्यानं मेव्हण्याला बोलावलं. चेरियकोया आडदांड गडी. सरळ आत गेला, बहिणीच्या ताटातला तळलेला मासा उचलून चघळत बाहेर आला. त्याच टेपनं त्यानं मोजलं. एकतीस.

"दाजी, उन्हात इतका वेळ पाण्यात डोकं घालून बसत जाऊ नका."

मुत्तुकोयाला काही सुधरेना. आकड्यात चुकणारा माणूस नव्हता तो. त्यानं भिंतीला हात लावला. बाहेर रणरणतं ऊन, आणि दगड ओला, बुळबुळीत.

"रहमत, माझ्या आईकडे चल. बाळंतपण तिथंच करू."

"येते की." ती उठली, दाराशी आली. बाहेर पडायला नकळत तिनं अंग तिरकं केलं. मग थांबली. "आज नको."

शुक्रवारी दाराची फट नऊ इंचांवर आली. पुरुष नमाजाला गेले होते. त्यानं छिन्नी-हातोडा आणला.

"लांब सरक. पलंगावर बस."

ती बसली. त्याला फटीतून दिसत होती.

त्यानं घाव घातला. कपची उडून त्याच्या पायाशी पडली.

आत रहमतबी किंचाळली.

"काय झालं? काही उडालं का?"

"नाही. काहीच नाही उडालं." तिचा आवाज गोंधळलेला होता. "पण लागलं."

"बघू."

तिनं फटीतून कोपर बाहेर काढलं. कातडी सोलली होती. रक्त नव्हतं. आत पांढरं, खरखरीत, बारीक बारीक भोकांचं काहीतरी होतं, त्याच्या पायाशी पडलेल्या कपचीसारखं.

त्यातून पाणी झिरपत होतं.