तीन बदकं जास्तीची

"चोवीस," वैष्णवी म्हणाली.

"एकवीस," म्हणत साक्षीनं वहीत एकवीसच लिहिलं.

"मला मोजता येत न्हाई व्हय?"

"येतं. पण त्या तिघांनी घटकाभरात एकदाही पाण्यात मुंडी घातली न्हाई. उपाशी बदक असं बसतं का?"

शिरड शहापूरच्या या ओढ्यावर थंडीत हळदी-कुंकू बदकं उतरत. सुट्टी लागली तेव्हा ती एकतीस होती. थवा कमी होतोय, कुणीतरी बदकं धरतंय, असं साक्षीनं सरपंच रूपाबाईंना सांगितलंही होतं. त्या हसल्या होत्या. "उडून गेली असतील, बाई."

"काहून फिरून राहिल्या इथं?" बांधावरून विश्वंभरकाका गरजले. "हा काठ माझा हाय."

"काठ तुमचा असंल, काका. बदकं कुणाची?"

साक्षी जागची हलली नाही. शेवटी काकाच वळले. चूक कबूल करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. कुणी चूक काढलीच, तर आपलं कसं बरोबर हे पटवत ते त्याला घरापर्यंत सोडायला जात.

ते दिसेनासे होताच साक्षीचा भाऊ धम्मानंद गुडघाभर पाण्यात शिरला. थवा भुर्रकन उडाला. ती तिघं मात्र तिथंच.

"ताई, हे तर वाळके भोपळे! रंगवलेत. आणि भोवती नायलॉनचे फास."

भोपळ्यांना आपलं माणूस समजून थवा जवळ यायचा आणि पाय अडकायचे. साक्षीनं एक भोपळा हातात घेऊन निरखला. खऱ्या बदकाच्या चोचीच्या बुडाशी तांबडे ठिपके असतात आणि टोक पिवळं. इथं बुडाशी पिवळा रंग होता, टोकाला तांबडा. ती गालात हसली.

हाताला लागले तेवढे फास कापून तिघं पोरं थेट पारावर गेली. तिथं रूपाबाई होत्या, आणि चहा घेत बसलेले विश्वंभरकाकाही. साक्षीनं भोपळे मधोमध मांडले.

"रंगवणारा अडाणीच दिसतो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हळद-कुंकवाची जागाच उलटी केली."

"उलटी कशी?" काकांनी कप खाली ठेवला. "आधी हळद, मग कुंकू. कपाळाकडून सुरुवात केली की हळदच आधी येणार. बराबर लावलंय म्या!"

काकांनी कप पुन्हा तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"विश्वंभर, ऊठ," रूपाबाई म्हणाल्या. "उरलेले फास आत्ता काढायचे, माझ्या डोळ्यांसमोर." मग त्या साक्षीकडे वळल्या. "परवा म्या हसले, ते चुकलं, लेकरा. तू सरळ मोजलंस. आता तुझी वही ग्रामपंचायतीत ठेवू."

"ठेवा. पण मोजणार मीच. त्याच काठावरून."

"माझ्या काठावरून?" काका पुटपुटले.

"व्हय. तुमीपण या, काका. खरी चोच दाखवते."