उरलेला अर्धा कागद

“हे कुणी चुरगळलंय?”

मी मान वर केली. पॅकिंगच्या खोलीच्या दारात एक उंच माणूस उभा होता. उन्हाने रापलेला, केस अगदी बारीक कापलेले, आणि हातात वर्तमानपत्राचा अर्धा कागद... तोही इतका जपून धरलेला, जसं काही त्यावर कुणाचं तान्हं मूल झोपलंय.

आमच्या सैनिक साहाय्य मंडळात असे प्रश्न कुणी विचारत नाही. लोक येतात, वस्तू ठेवतात, फलकाशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि जातात. मग त्या वस्तू मी खोक्यांत भरते आणि ती खोकी समुद्रापलीकडच्या चौक्यांवर जातात. मोकळ्या कोपऱ्यांत कागदाचे बोळे कोंबणं हे माझं खास काम.

“मीच चुरगळलंय,” मी म्हटलं. “तीन वर्षं मीच चुरगळते. तक्रार आहे?”

“आहे.” आवाज शांत, पण कान लालबुंद. “तो पडला की वाचला, एवढं सांगा.”

“कोण?”

“कोण काय! घड्याळवाला! चौथ्या मजल्याच्या खिडकीला एका हाताने लटकलाय. चार महिने झाले!”

मी मुकाट्याने खुर्ची पुढे केली. वेड्या माणसाला आधी बसवावं, असं आई म्हणते.

तो वेडा नव्हता. रजेवर आलेला सैनिक होता. वाळवंटातल्या एका चौकीवर बिनतारी यंत्र सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला ‘बिनतारी’च म्हणायचे. चौकीवर बावीस माणसं, मोबाईलला रेंज नाही, वाचायला काही नाही. आमची खोकी आली की ते सगळ्यात आधी बोळे बाहेर काढायचे. आचारी पातेल्यात उकळतं पाणी घेऊन पातेल्याच्या बुडाने कागदांना इस्त्री करायचा. मग बिनतारी मोठ्याने वाचायचा. सगळ्यांचा जीव अडकला होता तो रविवारच्या पुरवणीतल्या मालिकेत – एक जनावरांची डॉक्टरीण आणि तिच्यावर मरणारा एक घड्याळ दुरुस्त करणारा.

“तो तिचं घड्याळ परत द्यायला पाइपवरून चढला,” बिनतारी म्हणाला.

“जिना नव्हता?”

“जिना होता हो! प्रेम होतं म्हणून पाइप!” त्याला माझा प्रश्न फारच खालच्या दर्जाचा वाटला. “तर... पाय सटकला. लटकला. तिला आवाज आला. ती खिडकीशी आली, तिने खिडकी उघडली आणि – इथे. इथे फाडलंय तुम्ही.”

आता मला राग आला. माझ्या कामाला बोट लावलेलं मला चालत नाही.

“अख्ख्या कागदाचा बोळा मोठा होतो. बिस्किटांच्या डब्याशेजारी बसत नाही. अर्धाच लागतो. पॅकिंगचंही एक शास्त्र असतं.”

“मग उरलेला अर्धा?”

“दुसऱ्या खोक्यात. पलीकडच्या चौकीला.”

“अंदाज होताच. मी बिनतारीवरून विचारलं त्यांना. ते म्हणाले, आधी वरच्या अर्ध्यात काय आहे ते सांगा. मी म्हटलं, आधी तुम्ही खालचं सांगा. तीन दिवस बोलणी चालली. मग मोठ्या साहेबांनी ऐकलं आणि बोलणी फिसकटली.”

मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून मी खोक्यात डोकं घातलं.

“हसा, हसा. आचाऱ्याचं जेवणावरून मन उडालंय तिकडे. त्याला वाटतं तो पडला. निम्मी चौकी त्याच्याशी बोलत नाही. नऊ दिवसांची रजा आहे माझी. शेवट घेतल्याशिवाय मी परत जाऊ शकत नाही, चुरगळणाऱ्या बाई.”

“बाई काय? चोवीस वर्षांची आहे मी.”

“बरं, ताई –”

“ताई तर मुळीच नको!”

हे जरा जोरातच निघालं. मग दोघांनीही त्या अर्ध्या कागदाकडे असं बघितलं, जसं त्यानेच काही बोलून ठेवलंय.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही रद्दीच्या दुकानात होतो. मंडळाला रद्दी तिथूनच यायची. दुकानदार म्हणाला, चार महिन्यांपूर्वीचे गठ्ठे मागे आहेत, शोधा. मागे म्हणजे छतापर्यंत.

आम्ही समोरासमोरच्या गठ्ठ्यांवर बसून तीन दिवस पानं उलटली. जागा इतकी कमी की गुडघे एकमेकांना टेकायचे. पहिल्या दिवशी दोघंही ‘माफ करा’ म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी म्हणणं बंद झालं. तिसऱ्या दिवशी गुडघे टेकले नाहीत तर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

“खोक्यांत आम्ही एवढं पाठवतो,” मी विचारलं, “त्यातलं कामाचं काय असतं?”

“खरं सांगू?”

“पॅकिंगवालीशी खोटं बोलू नये. खोकं परत येतं.”

“लोकरी मफलर आले होते. एकेचाळीस. तिकडे सावलीतही अंडं शिजतं. पोहण्याचे चष्मे आले. पाणी टँकरने येतं, त्यात पोहायचं कसं? ‘यशस्वी दुकानदार कसे व्हावे’, सहा प्रती. दोघांनी वाचलं, आता ते आमच्यातच साबण विकतात.”

माझा संताप झाला. हे सगळं मीच भरलं होतं. “आधी सांगायचं नाही का?”

“भेट म्हणून आलेल्या वस्तूला नावं कशी ठेवणार...” तो पानं चाळत म्हणाला. “पण बोळे कुणीतरी मनापासून केलेले वाटायचे. घट्ट. एकसारखे. मी सगळ्यांना सांगायचो, हा माणूस नेटका आहे.”

“माणूस?”

“चूक झाली,” तो म्हणाला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ.

त्याच्या नाकावर शाई लागली होती. मी सांगितलं. त्याने डावीकडे पुसली, ती उजवीकडे होती. शेवटी मीच रुमालाने पुसली. माझी बोटं त्याच्याहून काळी, त्यामुळे नाक जास्तच काळं झालं. मी ते सांगितलं नाही.

तेवढ्यात तोच रविवार सापडला. अख्खा कागद. आम्ही एकाच श्वासात खालचा अर्धा वाचला.

‘...तिने खिडकी उघडली आणि वर पाहिलं. चंद्र किती सुंदर होता! (पुढील रविवारी)’

“वर?” बिनतारी उठून उभा राहिला. “वर पाहिलं? माणूस खाली लटकलाय!”

पुढचा रविवार उघडला. मालिकेच्या जागी गादीची जाहिरात. त्याच्या पुढच्या रविवारी तीच गादी. त्याच्या पुढच्या रविवारी गादी आणि उशी.

*

वर्तमानपत्राच्या कचेरीत आम्ही जवळजवळ पळतच गेलो. उपसंपादक पाव खात होते.

“ती मालिका? लेखकांचं आणि मालकांचं वाजलं. लेखक गेले, मालिका बंद.”

“बंद कशी?” मी टेबलावर हात आपटला. पाव उडाला. “माणूस लटकलाय तिथे!”

“अहो, तो कागदावर लटकलाय.”

“आणि आमची बावीस माणसं खरोखर लटकलीत, त्याच्याबरोबर,” बिनतारी म्हणाला. “तुम्ही निदान एक ओळ छापा. ‘वाचला.’ किंवा ‘पडला.’ काहीही.”

“एक ओळ सुटी छापता येत नाही. जाहिरात म्हणून द्या. गादीशेजारी बसवू.”

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. वारा सुटला होता. पायाशी कुणाच्या तरी जेवणाचा कागद फडफडत होता आणि त्याने सवयीने तो उचलून सरळ केला.

“काय सांगू त्यांना?”

त्याचा तो चेहरा बघून मला त्या लेखकाचा, मालकांचा, गादीवाल्याचा आणि चंद्राचाही राग आला. आणि सगळ्यात जास्त माझाच – कारण त्याच्या रजेचे चारच दिवस उरलेत, हे मी मनातल्या मनात तिसऱ्यांदा मोजलं होतं.

“मी लिहिते,” मी म्हटलं. “शेवट मी लिहून पाठवते. बोळा करून.”

तो हसला. पहिल्यांदाच. तो हसतो तेव्हा कानसुद्धा हलतात, ही माहिती मला तोपर्यंत कुणी दिली नव्हती.

*

पण मंडळात आलो तर खोलीत बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकची सहा भेंडोळी उभी. शेजारी अध्यक्षबाई.

“अगं, आजपासून कागद बंद. जवानांना रद्दी पाठवणं शोभतं का? फोटोत किती वाईट दिसतं!”

“फोटो खोक्याच्या आतून काढायचाय का?” मी म्हटलं. “प्लॅस्टिक काय वाचणार ते? बुडबुडे फोडत बसतील?”

“वाचणार? हे बघ, भावना महत्त्वाची.”

“मॅडम,” बिनतारी सावधान उभा राहिला, “भावना दर वेळी पोचते. भरपूर पोचते. सोबत मफलरही पोचतात. पण आम्ही वाट बघतो ती फक्त या कागदाची. तो बंद केलात तर बावीस सह्यांचं पत्र येईल.”

अध्यक्षबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही खरंच तिकडचे? मग आमच्याबरोबर फोटो काढाल?”

बिनतारीला फोटोचा मनापासून तिटकारा. त्याने माझ्याकडे बघितलं, बोळ्यांच्या टोपलीकडे बघितलं आणि एक मोठा श्वास घेतला. “कागद राहणार असेल तर काढतो.”

सतरा फोटो झाले. त्यातल्या एकात त्याला पोहण्याचा चष्मा घालायला लावला. कुठल्याच माणसाने माझ्यासाठी एवढं कधी केलं नव्हतं.

*

नवव्या दिवशी बसस्थानकावर मी वेळेआधी पोचले. बस सुरू होऊन थरथरत होती. तो पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला.

“एक विचारायचंय,” तो म्हणाला. “मालिकेबद्दल.”

“विचारा.”

“ती डॉक्टरीण... म्हणजे समजा तिच्या जागी तुम्ही असता...” कान पुन्हा लाल झाले. “खाली एक माणूस लटकलाय. फार काही नाही त्याच्याकडे. वर्षातले दहा महिने लांबच असतो. तर... तुम्ही त्याला वर ओढून घेतलं असतं का?”

माझ्या घशात शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता. आणि –

“हसा!”

आमच्या दोघांच्या मधून अध्यक्षबाई उगवल्या, मागे फोटोग्राफर, आणि एक भलामोठा हार. मी बाजूला ढकलली गेले. अठरावा फोटो झाला. बस हलली. खिडकीतून त्याचा हात दिसत राहिला... एकच हात, चौकटीला धरलेला.

त्या क्षणी मी अध्यक्षबाईंना जे मनातल्या मनात म्हटलं, ते खोक्यातून पाठवता येण्यासारखं नव्हतं.

*

मी शेवट लिहिला. अख्खा मोठा कागद घेतला. तिने खाली बघितलं, घड्याळवाला दिसला, ती आधी चिडली – जिना असताना पाइप का, म्हणून – मग वाकली, हात पुढे केला. तो म्हणाला, “वर घेशील?” आणि ती म्हणाली –

इथे मी कागद फाडला. सवयीने नव्हे, मुद्दाम. वरच्या अर्ध्याचा घट्ट बोळा केला आणि बिस्किटांच्या डब्याशेजारी बसवला. खालच्याचाही बोळा झालाच, तो घरी आणून कपाटात ठेवला.

महिन्याने पत्र आलं.

‘आम्ही खाली सही करणारे बावीस जण या प्रकाराचा तीव्र निषेध करतो. उरलेला अर्धा पलीकडच्या चौकीकडे आहे का, हे विचारलं. नाही. आता तेही संतापले आहेत. आचारी म्हणतो, ती ‘नाही’च म्हणाली असणार. कृपया खुलासा व्हावा.’

खाली बावीस सह्या. आणि त्याखाली, अगदी बारीक अक्षरात –

‘अठ्ठावीस तारखेला येतोय. पुढची सगळी रजा आत्ताच मागून घेतली. लवकर सांगा... हात खरंच दुखतोय.’

मी ते पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचत होते तेव्हा आई कपाटापाशी उभी. हातात माझा खालचा अर्धा कागद. चेहऱ्यावर संताप.

“हे काय गं? एवढा मोठा कागद, आणि त्यावर नुसतं ‘हो’?”

“आई, ते दे इकडे –”

“कागद काय फुकट येतो? एवढं एक अक्षर बारीक लिहिलं असतंस तर उरलेल्यावर वाण्याची यादी झाली असती!” तिने कागद उलटसुलट केला, माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. आवाज जरा खाली आला. “...आणि ज्याला द्यायचं त्याला देतेस कधी?”

“अठ्ठावीसला.”

“मग असा चुरगळलेला देणार आहेस?” असं म्हणून ती पातेल्यात पाणी उकळायला ठेवायला निघून गेली.