छत्तीस लिटर

गुणवंत पाठारे यांनी दिल्लीजवळच्या वैशालीतल्या नव्या घरामागे पत्र्याची शेड घातली, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, मारुती गाडी येणार. पण तिथं विमान बांधलं जाऊ लागलं. दोन माणसांचं, छोटंसं. आराखडा बापलेकीचा. लेक विनया फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकत होती. शहाण्णवच्या डेंग्यूच्या साथीत ती आठवड्याभरात गेली. चोवीस वर्षांची होती.

पुढच्या मे महिन्यात गुणवंतांनी अर्धवट राहिलेली पेट्रोलची टाकी पुन्हा हातात घेतली. सगळी नोकरी विमानदुरुस्तीत काढलेला माणूस. हात रिकामे राहिले की घर खायला उठे. टाकी ॲल्युमिनियमची, छत्तीस लिटरची, म्हणजे तीन तासांचं उड्डाण. पातळी दिसायला बाजूला काचेची नळी. सांध्यांवर खडूची भुकटी फासून त्यांनी निळा रंग मिसळलेलं पेट्रोल भरलं. टाकी गळत असती, तर खडूवर निळा डाग उमटला असता.

डाग उमटला नाही. दुसऱ्या दिवशी पेट्रोल मात्र दोन लिटरनं कमी होतं. तिसऱ्या दिवशी आणखी पाच.

झाकण घट्ट होतं. शेडला कुलूप होतं.

रविवारी त्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि स्टूल घेऊन समोरच बसले. बाहेर लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, वाहत होती. बरोबर तीनला नळीतली पातळी हलली. त्यांनी घड्याळावर वेळ मोजली. पाच मिनिटांत एक लिटर. मग पुन्हा पाच मिनिटांत एक.

त्यांनी निवडलेलं इंजिन नेमकं एवढंच पेट्रोल जाळणार होतं. ते इंजिन अजून यायचंच होतं.

कुमुदिनीबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याचा चेहरा बघून थबकल्या.

"काय झालं हो?"

"कुणीतरी उडतंय, कुमुद."

कोण, हे त्यांनी विचारलं नाही. शेजारच्या खोक्यावर बसल्या.

साडेचारला टाकी अर्धी झाली.

"आता माघारी वळायला हवं," गुणवंत म्हणाले. "पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तिला."

"वळली का?"

"यावरनं नाही कळत."

चहावर साय धरली. दहा लिटर. सहा. दोघंही नळीकडे बघत राहिली.

पावणेसहाला तीन उरले.

"उतरली असती, तर पातळी थांबली असती," ते पुटपुटले.

"अहो, मग घाला ना आणखी."

"घातलं तर ती आणखी लांब जाईल."

"आणि नाही घातलं तर?"

गुणवंतांनी कॅन उचलला. झाकण उघडून ओतू लागले. तोल सावरायला दुसरा हात त्यांनी टाकीवर टेकवला.

आणि झटकन मागे घेतला.

टाकीच्या पत्र्यावर हिमाचा पातळ थर धरला होता.

इतकी थंडी किती उंचीवर असते, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचं विमान तिथवर पोचणारं नव्हतं.