आत्याची खेप

साल एकोणीसशे शहात्तर. त्या वर्षी शहरातल्या अभिलेखागाराने एक शहाणपणाची गोष्ट केली. आदिवासी वस्त्यांमधल्या लोकांना आपल्याच वाडवडिलांचे जुने फोटो पाहायला येता यावं, म्हणून प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च द्यायचं ठरवलं. डोंगरातल्या एका वस्तीला दोन खेपा मंजूर झाल्या. पहिल्या खेपेला आली तिथल्या शाळेतली तरुण मास्तरीण. थंडी ओसरली की दुसऱ्या खेपेला तिची म्हातारी आत्या येणार होती, कारण त्या फोटोंमधले बहुतेक चेहरे ओळखेल असं आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. फोटो बाहेर जात नसत, त्यांच्या प्रती काढू देत नसत. मग आत्यानेच यायला हवं.

पहिल्याच दिवशी मास्तरीण चुकून तळघराच्या दारातून आत शिरली आणि पेटी घेऊन येणाऱ्या तरुणावर आदळली.

“अहो, जपून! माणसं आहेत यात.”

“पेटीत?”

“फोटोंत. सगळी बिननावाची.”

“बिननावाची कशी? माझीच आहेत ती. आणा इकडे.”

“असं कसं! आधी हातमोजे, मग टेबल. आणि एका वेळी एकच पेटी.”

“दिवसाला किती?”

तो हसला. “ते... तुम्ही किती दिवस थांबणार, त्यावर.”

ती त्याला ‘पेटीवाले’ म्हणू लागली. पेटीवाले आधी भराभर पेट्या आणत, मग सावकाश, मग तर पेटी टेबलावर ठेवून तिथेच घुटमळत. पांढऱ्या हातमोज्यांतली तिची बोटं एकेका चेहऱ्यापाशी थांबत. एखादा चेहरा ओळखीचा निघाला की ती एवढी उजळे, की त्याला वाटे, हा फोटो आपणच काढला असता तर...

“ही माझी पणजी. नाक बघा, अगदी माझं!”

“बघतोय.”

“फोटोतलं बघा हो!”

पण असे ओळखीचे थोडेच. बाकीच्या चेहऱ्यांवरून ती हलकेच पुढे जाई. “हे आत्या सांगेल,” म्हणे.

परतायचा दिवस जवळ आला तशी दोघांची बडबड कमी झाली. आणि एका सकाळी तो जिने धावतच उतरला. “तुमचा मुक्काम वाढला!”

“खरंच? कसा काय?”

“वाढवून घेतला,” तो नजर चुकवत म्हणाला. तिला वाटलं, लाजला.

ते दिवस मोठे गोड गेले. संध्याकाळी कचेरी सुटली की दोघं नदीकाठाने चालत. पावसाची भुरभुर आली, तर त्याच्या एका छत्रीत दोघांचा एकेक खांदा भिजे. पुलावर एकदा त्याने तिचा हात धरला आणि हातमोज्याशिवाय तो किती खरखरीत आहे, याचं त्याला नवल वाटलं. तिने सोडवून घेतला नाही.

शेवटच्या संध्याकाळी त्याने विचारलं, “माझ्याशी... लग्न कराल?”

ती खुदकन हसली. “मला काय विचारता? आत्या येतेय ना, तिला विचारा. ती तुम्हाला पेटीतल्या फोटोसारखं उलटंपालटं करून बघेल!”

तो हसला नाही.

“काय झालं?”

“आत्यांची खेप... या वर्षी नाही व्हायची. तुमच्या मुक्कामासाठी मी तीच रक्कम वळवून घेतली. साहेब म्हणाले, वस्ती एकच, काम एकच, चालतंय. पुढच्या वर्षी परत मागू ना आपण! वर्षाचाच तर प्रश्न आहे.”



“ऐंशी ओलांडलीय तिने,” ती म्हणाली. “मला एका शब्दाने विचारायचंत.”

“विचारलं असतं, तर तुम्ही थांबला असतात?”

“नसते थांबले.”

“म्हणूनच...”

“म्हणूनच विचारायचं होतं, पेटीवाले.”

सकाळच्या गाडीने ती गेली.

पुढच्या वर्षी खर्च पुन्हा मंजूर झाला, पण आत्या पावसाळ्यातच गेली होती. पेटीवाले पुढे त्याच विभागाचे प्रमुख झाले. प्रती न देण्याचा नियम बदलायला त्यांना पंधरा-सोळा वर्षं झगडावं लागलं. दरम्यान त्यांनी लग्न केलं, मुली झाल्या, म्हणतात संसार सुखाचा झाला. फोटोंच्या प्रती घेऊन ते स्वतःच वस्तीवर आले. मास्तरीणबाई तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, एकट्याच राहात. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला.

“अजून राग आहे?” पेटीवाल्यांनी हळूच विचारलं.

“राग केव्हाच गेला. तुम्ही आवडत होतात, ते नाही गेलं. पण त्याचं आता काय करू?”

शाळेच्या भिंतीवर फोटो लागले. सगळी वस्ती लोटली. पोरंबाळं बाईंचा पदर ओढून विचारू लागली, “बाई, ही कोण? आणि हा?” दोन-चार नावं बाईंनी सांगितली. बाकीच्या चेहऱ्यांवरून त्या हलकेच पुढे गेल्या. मुलं आपलं विचारतच राहिली.