क्लोव्हरचं मऊ अंथरूण

"मामा, बंद कर ते! मामा!"

फांद्यांचा चुरा करणाऱ्या चिपरच्या घरघरीत कोरिनचा आवाज कसा ऐकू जाणार! वादळात पडलेल्या झाडाची फांदी लाईलमामानं यंत्राच्या तोंडात सारली. कडाडकड! दुसऱ्या बाजूनं लाकडाचा चुरा उडून ट्रॅक्टरच्या गाडीत पडला. कोरिन आणि तिचा धाकटा भाऊ टेट कुंपणाबाहेरूनच हात हलवत राहिले. यंत्र चालू असताना मुलांनी आत यायचं नाही, म्हणजे नाही!

शेवटी यंत्र थांबलं.

"क्लोव्हर घोडी जागची हलत नाहीये," कोरिन म्हणाली. "काल बर्डी गेली आणि आज ही!"

मामाचा चेहरा उतरला. "बर्डी म्हातारी होती गं. ही तिच्यासाठी झुरतेय. थांब, हा ताजा चुरा आणखी घालू तिच्या पायांखाली. मऊ लागेल."

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं ओहायोला आजोबांच्या शेतावर आली की या दोन पोनी, बुटक्या घोड्या, त्यांच्याच असायच्या. आता तबेल्यात एकटी क्लोव्हर होती. पुढचे पाय लांब टाकून, अंग मागे रेलून, जणू तापलेल्या पत्र्यावर उभी होती.

"जनावरांच्या डॉक्टर मिंटन संध्याकाळी येतायत," आजोबा दारातून म्हणाले. "सुई देऊन तिला या यातनांतून सोडवायचं ठरलंय. तुम्ही तेव्हा घरातच थांबा."

ते निघून गेले. टेट भिंतीला टेकून खालीच बसला. शेजारच्या खणातली शेळी त्याची टोपी चघळू लागली.

"हिला बरं काही होत नाही!" तो रडत ओरडला. "खादाड कुठली!"

कोरिननं वळून पाहिलं. शेळीच्या पायांखाली साधा पेंढा होता. क्लोव्हरखाली मामाचा चुरा.

"टेट, स्वयंपाकघरामागचे टोमॅटो का सुकले असतील?"

"मला काय विचारतेस? पाणी तर घातलं होतं!"

दोघं धावत गेली. ज्या वाफ्यांवर मामानं चुरा पसरला होता, तिथली रोपं माना टाकून पडली होती. शेवटचा वाफा उघडा होता आणि तिथले टोमॅटो ताठ उभे!

"पण चुरा तर दरवर्षी घालतात!"

"तो मेपलच्या झाडाचा, फिकट. हा बघ की, चॉकलेटसारखा काळपट!"

पडलेल्या झाडापाशी गवतात हिरवी गोल फळं होती. टेटनं एक सोललं. बोटं तपकिरी झाली.

"अक्रोड! काळा अक्रोड!"

या चुऱ्यानंच क्लोव्हर आजारी पडलीय, हे मामाला पटेल तर ना! "चुरा म्हणजे चुरा, बाईसाहेब! हे झाड माझ्या आधीपासून इथं उभं होतं. कुणाला बाधलं? चला, बाजूला व्हा, चुऱ्याची गाडी तबेल्यात न्यायचीये."

तो हातमोजे शोधायला वळला आणि टेटनं ट्रॅक्टरची किल्ली काढली. "पकड मला!"

"अरे माकडा! आण इकडे!"

मामा कोठारापलीकडे पळत असताना कोरिन फावड्यानं क्लोव्हरखालचा चुरा उपसत होती. हातांना फोड आले. पेंढा पसरताना ती पुटपुटत राहिली, "अजून थोडं थांब गं. थोडंच."

डॉक्टर मिंटन आल्या, तेव्हा बॅग हातातच राहिली. बाहेरच्या ढिगातून त्यांनी मूठभर चुरा उचलला.

"काळा अक्रोड! घोड्याच्या पायांखाली? कुणी घातला? खुरांना आतून सूज येते, आग होते यानं! बर्फ आणा, बादल्या आणा, पळा!"

रात्रभर सगळे बर्फ आणत राहिले. सकाळी क्लोव्हरनं एक पाय उचलला, पुन्हा टेकला आणि गवताला तोंड लावलं.

"जगेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण पाठीवर कुणाला घेईल, असं वाटत नाही. आणि हा चुरा तिथंच राहिला असता, तर मी ज्या कामाला आले होते, तेच करावं लागलं असतं."

"शाबास रे पोरांनो!" आजोबांनी टेटची पाठ थोपटली. "आम्हा मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं!"

लाईलमामा दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. "बर्डीखाली सगळ्यात जाड थर घातला होता मी," तो हळूच म्हणाला. "तिचे सांधे दुखायचे ना."

कोरिन जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"आजोबा," टेटनं विचारलं, "परवाच बघितलं असतं, तर बर्डी पण असती ना?"

शाबासकी देणारा आजोबांचा हात त्याच्या पाठीवर तसाच थांबला.