न झिजणारे टायर

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं पुढं वाचू नये. मला आता वाद घालायचा कंटाळा आलाय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी असलं काही यात नाही. जे घडलं ते भर उन्हात घडलं. मागच्या वैशाखात, मायणीजवळ आमच्या दाजींच्या घरी, आणि मायणी-विटा-तासगाव-मिरज या रस्त्यावर.

दाजी म्हणजे भाऊसो. माझ्या थोरल्या बहिणीचे, राणीअक्काचे मालक. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडला, दाजी गाडी घेऊन हिंडतात. एक जुनी कार आहे, तिच्यावरच घर चालतं.

दाजींची आई हरणाबाई. आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणायचो. आत्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, ते मिरजेला. एक खाडा झाला तरी पायावर सूज यायची. दोन झाले असते तर आत्या राहिल्याच नसत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून दाजी रात्री पुणे विमानतळाचं भाडं मारायचे, सकाळी आईला घेऊन मिरज गाठायचे. झोप म्हणजे काय ते विसरूनच गेले होते. जेवताना घास हातात धरूनच डुलकी लागायची.

अक्का म्हणायची, "आवं, आधी तोंडात तरी घाला."

अशात गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले. दाजी विट्याला सिद्धू टायरवाल्याकडं गेले. सिद्धू जुने टायर विकतो. त्यानं कोपऱ्यातला एक सेट काढून दाखवला. रुंद, काळेभोर, मऊ रबराचे. जोरात पळणाऱ्या महागड्या गाड्यांना असतात तसले, खास उन्हाळ्यातले. तापलेल्या डांबराला असे चिकटतात की ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी उभी.

"घ्या दाजी, स्वस्तात देतो. पर एक सांगून ठेवतो. ही टायरं चार जणांकडं जाऊन परत आल्यात."

"का रं? खराब हायत?"

"खराब असती तर लोक भांडायला आले असते. कुणी भांडलं न्हाई. गपगुमान उतरवून दिली, पैसं सुदिक मागितलं न्हाईत."

दाजींनी ऐकलं आणि सोडून दिलं. दमलेल्या माणसाला स्वस्तात मिळालेल्या वस्तूत खोट दिसत नाही.

पहिले काही दिवस दाजी नुसते खूश. गाडी वळणावर जरा हलायची नाही. आत्या मागच्या सीटवर आडव्या व्हायच्या, त्यांना खड्डा कळायचा नाही. स्टँडवरचे ड्रायव्हर टायरला लाथा मारून बघायचे आणि माना डोलवायचे. विश्वजित म्हणून दाजींचा जोडीदार आहे, तो तेवढा म्हणाला, "दाजी, पकड लय भारी, पर रबर मऊ हाय. पुण्याच्या चार चकरा मारा, टक्कल पडतंय बघा."

टक्कल काही पडलं नाही.

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, बघितले असतील तुम्ही. रस्त्याला लागले की दोन दिवसांत गळतात. या टायरांचे केस जिथल्या तिथं होते. चार जणांकडं फिरून आलेले टायर... पुण्याच्या कितीतरी फेऱ्या... वैशाखातलं डांबर... आणि एक केस गळलेला नाही.

विश्वजितनं एकदा दुपारी टायरवर हात ठेवला आणि लगेच काढला.

"भाजलं काय रं?" दाजींनी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "भाजायला पायजे हुतं."

रस्त्यावर पाय ठेववत नव्हता, आणि टायर माणसाच्या अंगाइतकाच गरम होता.

विश्वजितनं हात पँटीला पुसला. त्या टायरांना त्यानं परत कधी लाथ मारली नाही.

मग मिरजेत तो आवाज आला.

आत्या आत मशीनवर होत्या. दाजींनी गाडी लिंबाखाली लावली, सीट मागं केली आणि डोळे मिटले. दुपारचे बारा. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

खस... खस... खस...

गाडीच्या खालून.

बायका न्हाणीत वजरीनं टाच घासतात ना, अगदी तसा आवाज. सावकाश. घाई नसल्यासारखा.

दाजी उतरले. वाकून खाली बघितलं. कुत्रं नाही, मांजर नाही, माणूस नाही. आवाज थांबला होता. परत आत येऊन बसले...

खस... खस...

आणि या वेळी दाजींच्या दोन्ही तळपायांना गुदगुल्या झाल्या.

दाजींनी स्वतःची समजूत घातली. झोप नाही, म्हणून होतंय असं. घरी कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी अंगठा लावून फोन उघडेना, तेव्हा म्हणाले ग्रीस लागलं असेल. हात धुतले, साबण लावला, फोन काही उघडला नाही. शेवटी आकडे दाबून उघडायला लागले. दमलेला माणूस असाच असतो. एक दार बंद झालं की दुसऱ्या दारानं जातो, बंद का झालं ते बघायला त्याच्यात त्राण नसतं.

एका संध्याकाळी पाय धुऊन सोप्यात बसले होते. अक्काचं लक्ष गेलं आणि ती हसायला लागली.

"आत्यांना आत सोडून तुमी पार्लरला जाता व्हय?"

दाजींच्या टाचा लहानपणापासून फुटलेल्या. थंडीत रक्त यायचं. आणि आता एक भेग नव्हती. तान्ह्या पोरासारखी टाच. अक्का बोट फिरवून चेष्टा करत होती. बोट टाचेवरनं तळपायावर आलं...

तिचं हसू थांबलं.

टाच वजरीनं मऊ होते, मान्य. पण तळपायावरच्या रेघा कुठं जातात?

एकही रेघ नव्हती. दाजींनी हात उलटे केले. बोटांवरच्याही नव्हत्या.

पुढच्या खेपेला मिरजेत आत्या सपाट फरशीवर घसरल्या. जन्मभर अनवाणी मेंढरामागं हिंडलेली बाई, डोंगरउतारावर कधी पाय सटकला नाही, ती दवाखान्याच्या दारात घसरली. दाजींनी सावरलं म्हणून बरं. आत्या स्वतःच्या पायाकडं बघत म्हणाल्या, "ह्ये पाय माझं न्हाईत रं भाऊ."

आत काउंटरवर राजेश्वरी नावाची मुलगी असते. योजनेतून मोफत डायलिसिस मिळतं, त्याला प्रत्येक वेळी मशीनवर अंगठा लागतो.

"आजी, नीट दाबा."

आत्यांनी दाबला. मशीननं घेतला नाही. दुसरा अंगठा. मग एकेक करून सगळी बोटं. राजेश्वरीनं आत्यांचा हात उजेडात धरून बघितला, आणि तिचा आवाज खाली आला.

"मामा, यांच्या हाताला रेषाच नाहीत. आज मी साहेबांना विचारून करून घेते. पण असंच राहिलं तर योजनेतून नाव निघेल."

नाव निघालं तर विकत डायलिसिस. त्यासाठी गाडी विकावी लागणार. आणि गाडी विकली तर आईला आणायचं कशातनं? दाजी बाहेर आले आणि गाडीशेजारी मटकन खाली बसले. तोंडासमोर पुढचा टायर होता.

पहिल्यांदाच त्यांनी तो इतक्या जवळून बघितला.

नक्षीच्या मधे जे सपाट रबर असतं... त्याच्यावर बारीक रेघा होत्या. गोल गोल, एकात एक. शाईत बुडवून अंगठा उठवावा तशा. एक ठसा, शेजारी दुसरा, पलीकडं तिसरा. कितीतरी जणांचे.

आत्यांच्या डाव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना आडवा वण होता. एका ठशावर तो वण होता.

दाजींना भीती वाटली नाही म्हणे. रडू आलं. उन्हात बसून ते एकटेच रडले.

परत येताना त्यांनी आईला सगळं सांगितलं. विट्याला जातो, सिद्धूच्या दारात टायर टाकतो आणि मोकळा होतो म्हणाले. तासगाव मागं पडलं. मग आत्या म्हणाल्या, "परत देऊ नगंस."

"आई, आगं..."

"चार जणांनी परत दिली म्हून तुज्या दारात आली. तू दिली की कुणाच्या दारात जातील? बारक्या लेकराचं घर असंल तर?"

दाजींनी विट्याला गाडी थांबवलीच नाही.

विश्वजितनं त्याचे जुने टायर दिले, ते गाडीला चढवले. आणि ते चार टायर दाजींनी घरामागच्या छपरात ठेवले. मेंढरं विकल्यापासून ते छप्पर रिकामंच होतं. दवाखान्यानं आत्यांसाठी डोळ्यांची खूण घेणारं मशीन मागवलं, योजना चालू राहिली. दाजींना वाटलं, सुटलो.

आत्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी आपली खाट छपरात नेली.

"राखण नगं व्हय?" एवढंच म्हणाल्या.

एकदा दाजी दुपारी पुण्याहून आले. छपराकडनं आवाज येत होता... खस... खस... दाजी धावत गेले. आत्या खाटेवर बसल्या होत्या. पाय खाली सोडलेले. दोन्ही तळवे टायरवर टेकलेले.

त्या काहीच करत नव्हत्या. पाय हलत नव्हते. आवाज मात्र येत होता.

"आई, पाय काढ."

"काढला की मोठ्यानं वाजतंय रं. आत घरापतूर येतंय. राणी हाय, पोरं हायत." आत्या शांत होत्या. "माज्या अंगाला आता घासायसारखं काय ऱ्हायलंय? जा, नीज जा. तुला संध्याकाळी परत भाडं हाय न्हवं."

आणि दाजी गेले. आत जाऊन आडवे झाले. त्यांना झोप लागली.

यावर मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. ज्याला रोज दोनच तास झोप मिळते त्याला विचारा.

वैशाख संपत आला होता. भर दुपारी राणीअक्का आत्यांना भाकरी खायला बोलवायला छपरात गेली. गेली तशी परत आली. दाजी पाणी पीत होते. अक्का दारात उभी राहून हळूच म्हणाली, "आवं, आत्यांच्या खाटंवर कोण निजलंय?"

आत्याच होत्या. लुगडं त्यांचं, हातातल्या बांगड्या त्यांच्या. जीव गेला होता.

मी मयताला होतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव सांगत नाही. आत्यांचं वय सत्तरीच्या पुढचं. उन्हानं, वाऱ्यानं सगळं तोंड सुरकुतलेलं, हसल्या की डोळे सुरकुत्यांत हरवून जायचे. खाटेवरच्या बाईच्या तोंडावर एक सुरकुती नव्हती. तरणी वाटत होती म्हणाल, तर तसंही नाही. कोरं होतं ते तोंड. भावकीतल्या सुलाबाईंनी अंघोळ घातली. त्या बाहेर आल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या स्वतःच्या हातांवर पाणी ओतत बसल्या.

दाजींनी तोंडात पाणी घातलं, अग्नी दिला, सगळं केलं. रडले नाहीत. भावकी म्हणाली, पोरगं दगड झालंय.

सगळं उरकल्यावर आम्ही दोघंच ओढ्याकाठी बसलो होतो. तेव्हा दाजी बोलले.

"गड्या, तोंडात पाणी घालताना मी बघत हुतो. मला काय ओळख पटंना. आई म्हून हाक माराय गेलो, तोंडातनं शब्द फुटंना. कुणा परक्या बाईला अग्नी दिला असं वाटतंय."

मी म्हणालो, "दाजी, मन खचलंय तुमचं. ते टायर आजच जाळून टाकू."

दाजींनी माझा हात धरला. घट्ट. त्यांचा तळवा काचेसारखा गुळगुळीत लागला.

"न्हाई जाळायची," ते म्हणाले. "तू बघितलं न्हाईस. परवा मी छपरात गेलो. टायरवर सुरकुत्या पडल्यात. बारीक बारीक. कपाळाच्या, गालाच्या, डोळ्याच्या कडंच्या. मी लगेच वळखल्या गड्या. माजी आई हितं घरात हाय."

याचा अर्थ काय ते मला विचारू नका. मी छपरात गेलो नाही, जाणारही नाही. सिद्धूनं दुकान बंद करून दुसरीकडं कुठंतरी काढलंय म्हणतात. त्या आधीच्या चार जणांचा पत्ता कुणाला माहीत नाही.

दाजींची तब्येत आता सुधारलीय म्हणे. विमानतळाची भाडी सोडली. परवा अक्काचा फोन आला, तर कितीतरी दिवसांनी ती जरा बरं बोलली. म्हणाली, आता रोज दुपारी झोपतात, अगदी गाढ.

कुठं झोपतात, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.