केळीच्या खुंटाची चकती

ओबो गावच्या डोंगरावर उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाला, की बाबा आधी गिटारकडे बघायचे, मग माणसांकडे.

त्या शेवटच्या दुपारीही त्यांनी परसातल्या केळीच्या खुंटाची बोटभर जाड चकती कापून आणली. फडक्यात गुंडाळून ती भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ठेवली. तारा थोड्या सैल केल्या. गिटारशेजारी डबी ठेवून पेटी बंद केली आणि भिंतीपासून लांब, पलंगाखाली सरकवली.

‘चकती एक दिवसाआड बदलायची, ओफोरिवा. लाकूड वाळलं की पोटात चिरतं.’

‘आणि तुमचे ओठ बघा किती चिरलेत.’

‘त्यांना शियाच्या बियांचं लोणी आहे. चल जेवायला, फुफू निवतंय.’

सकाळी ते उठले नाहीत.

प्रेतयात्रेत मी रडले नाही. ‘हिच्या डोळ्यांतसुद्धा वाराच शिरलाय,’ डांकवा आत्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. नंतर मला बाजूला घेतलं. ‘चाळिसाव्या दिवशी गिटार माझा असिएदू नेईल. मामाचं ते भाच्याचं. तू तुझ्या आईच्या कुळातली, पोरी.’

‘माहितीये, आत्या.’

‘बापाने जिवंतपणी चारचौघांसमोर तुला दिली असती, तर गोष्ट वेगळी. दिली का?’

‘नाही.’

‘मग झालं.’

‘मला नकोच आहे,’ मी म्हणाले.

आत्याचा मुलगा असिएदू मिनीबस चालवतो. गिटारवर त्याला तीन सूर येतात, तिन्ही हॉर्नसारखे. बाबा घरात नसताना मी त्यांची सगळी गाणी वाजवत असे. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, मला कधी कळलं नाही.

मी काहीच मोडलं नाही. फक्त डबीतली चकती उकिरड्यावर फेकली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. बाकीचं वारा करणार होता. असिएदूला चिरलेलं लाकूड मिळालं असतं.

वारा कामाला लागला. समोरची टेकडी धुळीत दिसेनाशी झाली. बाबांचं स्टूल मधोमध तडकलं, दाराच्या फळ्यांमधून उजेड येऊ लागला. माझी टाच फुटून रक्त आलं.

मग मी पेटी उघडली.

आतून ओली, गार हवा आली. गिटार अखंड होती. डबीत नवी चकती होती, पांढरी, कडांवर चिकाचे थेंब.

मी आत्याकडे गेले. ती भुईमूग सोलत होती.

‘तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे का?’

‘मला कशाला? त्या पेटीने माझ्या भावाला बायकोपोरांत बसू दिलं नाही. माझं चाललं असतं तर चुलीत घातली असती.’ तिने वर पाहिलं. ‘का गं? काय झालं?’

‘काही नाही.’

परसात गेले. सगळे खुंट करड्या रंगाचे, वाळून खोल भेगा पडलेले. एकावरही सुरीची ताजी खूण नव्हती.

चकती फेकली. दुसऱ्या सकाळी डबीत नवी होती.

तीही फेकली.

पुन्हा नवी. फडकंसुद्धा त्यांच्या पद्धतीने दुमडलेलं, टोकं आत खोचून.

मग मी फेकणं सोडून दिलं.

चाळिसाव्याला असिएदूने सगळ्यांसमोर गिटार बाहेर काढली, उन्हात धरून पोट न्याहाळलं, बोटांनी टकटक केलं.

‘ताई, काय जपलीस गं! माझ्या गाडीची काच तडकली या वाऱ्याने. हिला एक चीर नाही.’

‘मी नाही जपली.’

‘विनय बघा हिचा,’ आत्या म्हणाली. लोक हसले. वडीलधाऱ्यांनी पूर्वजांसाठी जमिनीवर दारू ओतली. असिएदूने पेटी मिनीबसमध्ये चढवली आणि उताराला लागला.

मी बाबांच्या खोलीत आले, आतून कडी लावली. पलंगाखाली धुळीत पेटीचा स्वच्छ चौकोन होता. मी त्यावर चटई टाकली आणि पडले. डोळा लागला.

गार वाटलं म्हणून जाग आली.

दार आतून बंद होतं. फटींमधून दुपारचा पिवळा उजेड येत होता. माझ्या डोक्याखाली फडकं होतं, चौकोनी दुमडलेलं. त्यात चकती, आत्ताच कापलेली. चीक माझ्या कानामागून मानेवर ओघळत होता.

मी हलले नाही.

‘बाबा,’ मी मोठ्याने म्हणाले, ‘गिटार मला हवी होती.’